एकेरी अवतरण

सोमवार, ता. ३

या कारखान्यात अवतरणचिन्हाला कोणी वाली नाही. पूर्णविराम कधीमधी दिसतो, वाट चुकलेल्या माणसासारखा. स्वल्पविराम औषधालाही नाही. पण दुसऱ्याचं बोलणं लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चिन्ह राखणीला उभं करावं, ही साधी माणुसकी इथे कोणाला ठाऊकच नाही. आज मला नमुना म्हणून दाखवलेला एका पाळीचा शेरा असा: साहेब म्हणाले बघतो मी म्हणालो बघा. यात कोण बघतो, कोण म्हणतो आणि शेवटी कोणी काही बघितलं का, हे ठरवायला एक टीकाकार नेमावा लागेल. मी इथे आलो ही या लोकांवर झालेली कृपा आहे. त्यांना ते अजून कळलेलं नाही, एवढंच.

तर आलो. शाळेने संस्कृत बंद केलं आणि संस्कृताबरोबर मलाही. आयुष्यभर संसाराऐवजी संस्कृत केलं. आता एका फटक्यात दोन्हीकडून मोकळा. ताईने फोनवर एवढंच विचारलं की तिकडे बसून भिंतींना विभक्ती शिकवणार आहेस का, आणि मागची खोली रिकामी करून ठेवली. रिकामी म्हणजे मोडकी सायकल बाहेर गेली, इस्त्रीचं टेबल राहिलं. त्याच टेबलावर हे लिहितो आहे. खिडकीतून शेजारच्यांची दोरी दिसते. तिच्यावर कारखान्याचे निळे सदरे, खांदे पाडून वाळत घातलेले. माणसं घरी आली तरी सदरे दमलेलेच.

नोकरी दाजींनी मिळवून दिली. दाजी म्हणजे ताईचे यजमान. कारखाना खळीचा: बाटल्यांवरची, डब्यांवरची लेबलं जिने चिकटतात ती खळ. संस्कृतात खल म्हणजे दुष्ट. इथे त्याला शिजवून बादल्यांत भरतात. शिजवायला चार कढया आहेत. कढई हे लाडाचं नाव. प्रत्यक्षात दोन पुरुष उंचीची बंद टाकी, माथ्यावर माणूस जेमतेम उतरेल एवढं झाकण, आत मांडीएवढ्या जाड पात्यांची ढवळणी. खळ शिजून शिजून आत खरवड धरते, आणि ती दाजी व त्यांचे सोबती आत उतरून खरवडतात. या कामात दाजींचे कान गेले. ओरडून बोललं तर निम्मं ऐकू येतं, आणि ते निम्मं ते आपल्या सोयीने निवडतात, असं ताईचं मत.

पूर्वी आत उतरण्याआधी दाजी त्या कढईचा फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. फ्यूज खिशात, तर जीव हातात; इतकं सोपं शास्त्र. नूतनीकरणात ते फ्यूज गेले. आता कुलूपसुद्धा पडद्यावर. कढईचं पान उघडायचं, कुलपाच्या चित्रावर बोट ठेवायचं, आणि माणूस आत आहे तोवर पान उघडंच ठेवायचं. पान बंद झालं की कुलूप सुटतं, साफसफाई आटोपली असं कढई समजते आणि आपली आपण कढत पाण्याने न्हाऊ लागते. दाजी एक जुना फ्यूज अजून खिशात बाळगतात. तो आता कशाचाच नाही. मी हसलो, तर म्हणाले, ‘पंडित, तू नाही का मेलेली भाषा खिशात घालून हिंडत?’

शालकाची अशी संभावना. पण खोलीला दार आहे, दाराला कडी आहे, आणि महिनाअखेरीला पगार आहे. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतं आहे.

बुधवार, ता. ५

माझं काम असं: पडद्यांवरची परकी भाषा मराठीत आणायची. सूचना, इशारे, आज्ञा, सगळं. आज त्यातला एक तात्त्विक प्रश्न सुटला. यंत्राला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’?

नियंत्रण खोलीत पडद्यांपुढे एक बाई बसतात. मनातल्या मनात मी त्यांना ‘पडदानशीन’ म्हणतो. तोंडावर म्हणायची छाती नाही. त्या म्हणाल्या की त्या यंत्राला रोज जे म्हणतात ते छापण्यासारखं नाही. साहेबांचं मत पडलं की ग्राहक पाहणीला येतात, भाषा सभ्य हवी. मी मध्यममार्ग काढला. यंत्र माणसाशी बोलेल ते अदबीने: ‘आपणांस खात्री आहे काय?’, ‘वरिष्ठांची अनुमती प्रतीक्षेत आहे.’, ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ आणि माणूस यंत्राशी बोलेल ते एकेरीत: ‘वाफ सोड’, ‘ढवळणी फिरव’, ‘थांब’. शुद्ध आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. पूर्वी या आज्ञा कसल्याशा आकड्याअक्षरांच्या होत्या. आता त्या आतपर्यंत, पार मुळापर्यंत मराठी होतील, असं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. देवाला आणि यंत्राला अरे-तुरे करायची आपली रीतच आहे, असं मी म्हटल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

आयुष्यभर मी वर्गात ‘बसा’ म्हणत आलो आणि कोणी बसलं नाही. बघू, हे तरी ऐकतं का.

प्रत्येक कढईच्या पानाच्या तळाशी शेऱ्यांची चौकट आहे. पाळी संपताना कामगार तिथे दोन ओळी लिहितात. पान उघडं असलं की ते शेरे एका सरकत्या पट्टीवर एकामागून एक येत राहतात, ताजे आधी, जुने मागाहून. हेच ते माझे अनाथ शेरे. साहेबांना विचारलं, हे शुद्ध करू का? ते फोनवर होते. त्यांनी हात हलवला. मी तो होकार समजलो.

सोमवार, ता. १०

चारही कढयांचे साचलेले शेरे कंपनीने एका फाइलीत पाठवले होते. शनिवार-रविवार इस्त्रीच्या टेबलाशी बसून सगळे शुद्ध केले. ताई दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली की सुट्टीच्या दिवशी कोणी दुसऱ्याची उष्टी वाक्यं घासत बसतं का.

पण वाक्यं बरी होती. मूळ: रात्रपाळीला वाफ सोड म्हटलं तर तो म्हणतो तू सोड. माझं: रात्रपाळीला ‘वाफ सोड’ म्हटले, तर तो म्हणतो, ‘तू सोड’. बघा, दोन माणसं उभी राहिली, भांडण दिसू लागलं. एकाने लिहिलं होतं, पाठ दुखते. एकाने नुसतंच, आजही तेच. एका पानावर, कोणत्या ते आता सांगता येणार नाही, होतं: हे कोणी वाचतं का. त्याला मी प्रश्नचिन्ह दिलं. आणखी काय देणार?

शेवटी शेवटी डोळे मिटत होते आणि हात आपोआप चिन्हं टाकत होता. पाट्या टाकाव्यात तशी. फाइल परत पाठवली.

गुरुवार, ता. १३

मराठी पडदे सुरू झाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दाजींना वाटलं सुट्टी झाली. ते निघालेच होते.

दुपारी तीन नंबरची कढई शिजता शिजता थांबली. कोणी बटण दाबलं नव्हतं. बाई म्हणाल्या की मी तर नुसतं पान उघडून बसले होते, आणि ही बया रुसली. खळीची गाठ झाली. खरवड मंडळींचं काम वाढलं. कामगारांनी निष्कर्ष काढला की यंत्राला मराठी आल्यापासून ते आपल्यासारखंच वागायला लागलं. यावर मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. लेखकाचा अहंकार, दुसरं काय?

सोमवार, ता. १७

दोन नंबरने वाफ सोडली. पुन्हा कोणी काही न करता. जवळून जाणाऱ्या फिटरचा हात भाजला, कोपरापर्यंत. तो ओरडला नाही. नुसता खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता.

कंपनीला फोन केला. तिथला माणूस दमलेला वाटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग एक लेखी उत्तर आलं: ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ वाक्य ओळखीचं वाटलं. माझंच होतं.

घरी ताईने दाजींना विचारलं, आज फिटरचं काय झालं? दाजींनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि निवडलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. तू पडद्यांपाशी असतोस, म्हणाली, यांच्याकडे लक्ष ठेव. यांना हाक मारली तरी कळत नाही रे. हे बोलताना ती निळा सदरा झटकत होती. खिशातून फ्यूज पडला. तिने तो उचलून पुसला आणि परत खिशात घातला.

मंगळवार, ता. १८

एक नंबरची कढई. कुलूप लावलेलं. दाजींचा सोबती आत खरवडत होता. तो बाहेर आला, पाय झाकणाच्या काठावर, ब्रश आतच राहिला. तो परत वाकतो आहे तेवढ्यात ढवळणी फिरली. एक पूर्ण फेरा. मग आणखी एक. ब्रशाचा दांडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दाजींनीसुद्धा.

कुलूप पडद्यावर तसंच होतं. बंद. चित्रातलं कुलूप, चित्रासारखं.

कंपनीचा माणूस या वेळी स्वतः बोलला. म्हणाला, कुलूप फक्त बटणांना असतं. आज्ञा आतूनच आली तर तिला कुलूप अडवत नाही. घरच्या माणसाला दाराचं कुलूप कुठे लागतं? मी विचारलं, आतून म्हणजे कोणाकडून? तो म्हणाला, तेच तर बघायचं आहे. आणि जांभई दिली. मला ती ऐकू आली.

बुधवार, ता. १९

कळलं. कळायला नको होतं.

सकाळी बाईंना विचारलं, ढवळणी फिरली तेव्हा पट्टीवर काय चाललं होतं? त्यांना आठवत होतं, कारण त्यांना त्याचं हसू आलं होतं. जुना शेरा, माझा शुद्ध केलेला: नव्या माणसाला ‘ढवळणी फिरव’ म्हटले, तर तो स्वतःच गोल फिरला.

यंत्र शेरा वाचतं तेव्हा तो स्वतःच एकेरी अवतरणचिन्हांत धरतं, म्हणजे इथून इथवर माणसाची बडबड, हिच्याशी आपला संबंध नाही. मधे माझं चिन्ह आलं की त्याला वाटतं बडबड संपली. पुढचे शब्द ते आपल्यासाठी समजतं. आणि पुढचे शब्द आज्ञार्थ, एकेरी, मुळापर्यंत मराठी. तेही माझेच. ज्या कढईचं पान, ती कढई ऐकते. आज्ञा जुन्या आकड्याअक्षरांत राहिल्या असत्या तर कोणाची बडबड कधीच आज्ञा झाली नसती. चिन्हं नसती तरीही नसती. दोन्ही मी केलं. नीट केलं.

मीमांसकांनी शतकं एवढ्यासाठीच झिजवली: कोणतं वाक्य करायला सांगतं आणि कोणतं नुसतं सांगतं. विधी कोणता, अर्थवाद कोणता. यंत्राला तो भेद त्या एका टिंबाएवढ्या चिन्हाने कळायचा. यज्ञात एक स्वर चुकला आणि मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटला, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत असे. पोरं जांभया देत.

खात्री करायची म्हणून तीन नंबर रिकामी असताना तिच्या पानावर लिहिलं: आज हवा बरी आहे. ‘भोंगा वाजव’ असे कोणीही म्हटलेले नाही.

शेरा पट्टीवर आला. भोंगा वाजला.

बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, आणि तो थांबल्यावरही बराच वेळ काढले नाहीत. तो आवाज भोंग्याचाच होता, रोजचा. पण मला कोणीतरी उत्तर दिल्यासारखं वाटलं. कोणीतरी जे माझं अक्षर न् अक्षर वाचतं, आणि ज्याला ‘नाही’ हा शब्द येत नाही.

गुरुवार, ता. २०

आजपासून मी ती चिन्हं टाकत नाही. इथेही नाही. या वहीला कोणी ऐकत नाही हे माहीत आहे. तरी.

आपल्याकडे पूर्वी नव्हतीच ती. छापखान्याबरोबर आली. आपण बोलणं संपलं की इति म्हणत असू, आणि भागत असे. मी शेऱ्यांत आता इति लिहा असं सुचवलं. बाई हसल्या नाहीत.

साहेबांकडे बैठक झाली. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले की आजपासून चिन्हं बंद, ठीक. जुने शेरे कंपनी काढून टाकील, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, तोवर कढया बंद ठेवा. ते कपाळ चोळत होते. म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, मोठे ग्राहक आहेत, चारही कढया चालू दाखवायच्या आहेत. चार नंबर किती तरी महिने बंद पडून आहे, तिची खरवड उद्या सकाळी निघालीच पाहिजे. मग माझ्याकडे बघून विचारलं, चारच्या पानावर असलं काही आहे का?

दाजी शेजारी बसले होते. त्यांनी प्रश्न ऐकला नव्हता, पण माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, चार बंदच आहे. तिथे कोण शेरे लिहितंय?

फाइल माझ्या खोलीत होती. घरी येऊन उघडायला कितीसा वेळ लागला असता. पण मी दमलो होतो. त्या फाइलीकडे बघवत नव्हतं. बैठक संपायला हवी होती, एवढंच. आणि साहेबांनाही तेच हवं होतं. सगळ्यांनाच.

जिन्यात दाजींना ओरडून सांगितलं, चार नंबर ठीक आहे. त्यांनी खिशावर हात ठेवला. म्हणाले, पंडित म्हणतो तर ठीकच असणार.

शुक्रवार, ता. २१, सकाळ

नियंत्रण खोलीत बसलो आहे. वही डब्याबरोबर पिशवीत होती.

निघताना ताईने दोघांचे डबे दिले. मला बाजूला घेऊन विचारलं, चारचं नक्की ना? मी हो म्हटलं. तिने माझ्या कॉलरचा दोरा तोडला, लहानपणी तोडायची तसा.

दाजी आत उतरले. बाईंनी चारचं पान उघडलं, कुलूप लावलं. पट्टी कोरी असेल असं मला वाटलं होतं.

कोरी नाही.

बंद पडण्याआधीचे शेरे. कढई बंद ठेवली आहे. मग, झाकणाचं रबर गेलं आहे. मग, पाठ दुखते. पूर्णविराम सगळे जागच्या जागी. म्हणजे माझा हात इथूनही गेला आहे.

आत्ताच एक गेला. फिटरने सांगितले, आणि चिन्ह. माझं चिन्ह. आत नुसतं उद्या बघू असं होतं. यंत्राला कळलं नाही. पुढे सरकलं.

पुढच्या वेळी कळेल.

पान बंद करता येत नाही, कुलूप सुटेल, कढत पाणी येईल. उघडं ठेवता येत नाही, पट्टी चालू आहे. इकडे आड, तिकडे विहीर, मधे दाजी.

बाईंनी पडद्यावरचं लाल बटण दाबलं. आपणांस खात्री आहे काय. होय. वरिष्ठांची अनुमती प्रतीक्षेत आहे. साहेब पाहुण्यांबरोबर फाटकापाशी आहेत. फोन उचलत नाहीत. अदबीने वाट बघतं आहे यंत्र. अदब मीच दिली.

झाकणापाशी उभ्या माणसाचा वॉकीटॉकी नुसता घरघरतो. बाई उठल्या, पळाल्या. जाताना म्हणाल्या, बसा, पडद्याला बोट लावत राहा, पान झोपलं तर कुलूप सुटतं.

बसा म्हणाल्या. बसलो.

डावं बोट पडद्यावर. उजव्या हाताने हे. लिहीत राहतो, जुनी सवय — खिडकीतून आवार दिसतं. बाई पोचतायत. पार पलीकडचं टोक. त्या ओरडत असतील. दाजींना ऐकू जाणार नाही. आत उतरून हात लावावा लागेल, तेव्हा कळेल त्यांना —

आणखी एक शेरा. आजही तेच. गेला.

हे कोणी वाचतं का? म्हणजे तो इथला होता. चारचा. आणि मी सांगितलं इथे कोण लिहितंय —

बाई शिडीवर.

मला यंत्राची भीती वाटत नाही. ते ऐकतं, एवढाच त्याचा दोष. साहेबांचीही नाही, कंपनीचीही नाही. भीती एकाच गोष्टीची. चारच्या पानावर मी काय काय दुरुस्त केलं ते मला आठवत नाही. डोळे मिटत होते. मी वाचत नव्हतो. नुसती चिन्हं टाकत होतो —

झाकणातून एक हात. निळी बाही. कोणाची ते — बाईंनी धरला —

पट्टी —

रात्रपाळीला सांगितले, ‘ढव